खिडकीतून समोरून येणारं विमान दिसलं! दोन विमानांत अंतर असतं तरी किती?

उंबरठा (धागाकर्ता), गुरुवार, रात्री ९:१०

आधीच सांगतो, हसायचं नाही.

परवा सकाळच्या विमानाने मुंबईहून नागपूरला गेलो. खिडकीची जागा. जालन्याच्या आसपास असू, समोरून एक पांढरा ठिपका आला, बघता बघता त्याचं विमान झालं आणि पापणी लवायच्या आत मागे गेलं. शेपटीचा रंग दिसला म्हणजे बघा. आमच्याच उंचीवर होतं, शपथेवर सांगतो. मी सीटचा हात घट्ट धरून बसलो. शेजारचे गृहस्थ उपम्याच्या डब्यात गरम पाणी ओतून झाकण लावत होते.

उतरल्यावर बायकोला फोन केला. ती म्हणाली, "हल्ली सगळं कॉम्प्युटरवर चालतं ना? मग घाबरायचं काय?" मी म्हटलं, अगं खाली माणसं बसलेली असतात, ती सांगतात कोणी कुठून जायचं. तर म्हणते, "मग माणसं कशाला बसवतात?"

जाणकारांनी उजेड पाडावा. हे अंतर किती असतं आणि ते राखतं कोण? बायकोच्या प्रश्नाचंही उत्तर मिळालं तर घरात जरा वट राहील.

कसाऱ्याचा_घाट, गुरुवार, ९:२२

घाटात दोन एसट्या समोरासमोर आल्या की त्यांच्या आरशांमध्ये जी फट उरते तिला आमच्याकडे सुरक्षित अंतर म्हणतात. शेपटीचा रंग काय घेऊन बसलात, समोरच्या ड्रायव्हरने तंबाखूत चुना किती लावलाय तेही दिसतं.

झुंबर, गुरुवार, ९:२५

वाचनखूण साठवली. पॉपकॉर्न घेऊन बसले आहे.

निवृत्त_ठिपका, गुरुवार, १०:४८

उंबरठा, तुम्ही बघितलंत ते खरं. फक्त उंचीचा अंदाज चुकला. माझी पस्तीस वर्षं याच कामात, कंट्रोलर म्हणून, गेली, बरीचशी एरिया कंट्रोलला, म्हणजे विमानतळांच्या मधलं आकाश सांभाळायला, म्हणून लिहायचं धाडस करतो.

मुंबईहून नागपूर म्हणजे पूर्वेकडे. पूर्वेकडे जाणाऱ्याला विषम हजार: ३३, ३५, ३७ हजार फूट. पश्चिमेकडे येणाऱ्याला सम: ३२, ३४, ३६. तुम्ही ३३ वर असाल तर समोरचा ३४ किंवा ३२ वर होता. मध्ये १००० फूट, म्हणजे साधारण ३०५ मीटर. तुमचं विमान जेमतेम चाळीस मीटर लांब. अशी सात-आठ विमानं शेपटीवर उभी करून एकावर एक रचली तर वरच्याच्या पोटाला हात लागेल.

मग ते एकाच उंचीवर का वाटलं? ५ किलोमीटर लांब आणि ३०० मीटर वर असलेली वस्तू सरळ रेषेपासून साडेतीन अंशच वर दिसते. हात ताठ करून दोन बोटं आडवी धरा, बस तेवढी. त्यात दोघांचा मिळून वेग सेकंदाला साडेचारशे मीटरच्या घरात, म्हणजे ते ५ किलोमीटर अकरा सेकंदांत संपतात. डोळ्याला विचार करायला वेळ कुठे?

हे झालं उभं अंतर. आडवं अंतर रडारखाली ५ नॉटिकल मैल, म्हणजे सव्वानऊ किलोमीटर. विमानतळाच्या जवळ, रडार चांगलं असेल तिथे ३. यातलं एक कायम हवं, उभं नाहीतर आडवं. दोन्ही एकदम मोडली की चौकशी लागते, मग विमानं एकमेकांपासून चार किलोमीटरवर का असेनात. तुमच्या बाबतीत उभं पूर्ण होतं, म्हणून आडवं शून्य झालं तरी चालतं. त्या उपमावाल्या गृहस्थांचं बरोबर होतं.

तर्कट, गुरुवार, ११:०५

काका, माहिती छान, पण गळी उतरत नाही. विमानाची उंची मोजतात हवेच्या दाबावर. दाब तर तासातासाला बदलतो. मुंबईत पाऊस, नागपुरात ऊन. मग हे १००० फूट कागदावरचेच की!

निवृत्त_ठिपका, शुक्रवार, सकाळी ६:३०

प्रश्न रास्त आहे, आम्हालाही पहिल्या आठवड्यात हाच पडला होता. ठरावीक उंचीच्या वर गेलं की सगळे वैमानिक आपली मोजपट्टी एकाच आकड्यावर लावतात, १०१३.२ हेक्टोपास्कल. खाली खरा दाब काही असो. म्हणजे त्यांची उंची चुकीची असू शकते, पण सगळ्यांची सारखीच चुकीची. कार्यालयातली सगळी घड्याळं दहा मिनिटं पुढे असली तरी नवरा-नवरीची चुकामूक होत नाही, तसंच. खाली उतरताना मात्र स्थानिक दाब लावावाच लागतो, कारण डोंगर १०१३ पाळत नाही.

आणि तुमची शंका पूर्वी नियमातच होती. विरळ हवेत जुन्या उपकरणांचा भरवसा कमी, म्हणून २९ हजारांच्या वर २००० फूट ठेवत. उपकरणं सुधारली तेव्हा ते १००० वर आणलं. आपल्याकडे २७ नोव्हेंबर २००३ पासून. त्या दिवशी आकाशात एकदम सहा नवे मजले मिळाले. आम्ही पेढे वाटले होते, खोटं नाही.

तर्री_वेगळी, शुक्रवार, १०:१५

आमच्या नागपूरचं नाव निघालं म्हणून आलो भाऊ. दिल्ली-चेन्नई घ्या, मुंबई-कोलकाता घ्या, सगळे आमच्याच डोक्यावरून जाऊन राह्यले. रात्री गच्चीवर झोपलं की दिवे मोजत बसायचो.

अवांतर: जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली होती. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, चारही बाजूंनी विमानं निघायची, मध्यरात्री नागपुरात भेटायची, पोती बदलायची आणि पहाटेपर्यंत जिथली तिथे. आजोबा सांगायचे, तेव्हा सोनेगावच्या विमानतळावर रात्री जत्रा भरल्यासारखं वाटे. तेव्हा कुठलं रडार न् कुठलं काय!

झुंबर, शुक्रवार, १०:३१

@तर्री_वेगळी, यावर वेगळा धागा काढाच. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

तर्कट, शुक्रवार, ११:१०

रडार नसताना अंतर कसं राखत मग? आणि समुद्रावर तर आजही रडार पोचत नाही म्हणतात.

निवृत्त_ठिपका, शुक्रवार, दुपारी २:०५

घड्याळावर. अमुक ठिकाणावरून किती वाजता गेलास, पुढच्या ठिकाणी किती वाजता पोचशील, हे वैमानिक रेडिओवर सांगणार, आपण ते कागदाच्या पट्टीवर लिहिणार आणि मागच्याला त्याच उंचीवर दहा मिनिटांच्या आत सोडायचं नाही. सगळं आकाश पट्ट्यांच्या चळतीत आणि आपल्या डोक्यात. मुंबईच्या ताब्यातला अरबी समुद्राचा तुकडा पार सोमालिया, सेशेल्सच्या हद्दीला भिडतो. तिथलं बोलणं लांब पल्ल्याच्या रेडिओवर, तव्यावर मोहरी तडतडत असताना बोलावं तसं ऐकू यायचं. आता उपग्रहावरून विमानाचा ठावठिकाणा आपोआप येतो, निरोप लिहून पाठवता येतो, त्यामुळे अंतर ५० मैलांपर्यंत आलंय. तरी रडारच्या ५ शी तुलना करून बघा. दिसत नसेल तर लांब ठेवा, एवढं साधं आहे ते.

डावी_सीट, शुक्रवार, सायं. ७:४०

वैमानिक आहे, कंपनी विचारू नका.

काकांच्या समुद्राला एक पुरवणी. तिथे आम्ही मुद्दाम मार्गाच्या उजवीकडे एक-दोन मैल सरकून उडतो. कारण ऐकून गंमत वाटेल. पूर्वी विमानं मार्गापासून इकडे तिकडे भरकटायची, म्हणून कोणी उंची चुकला तरी समोरच्याशी गाठ पडायची शक्यता कमी होती. जीपीएस आल्यापासून सगळे रेषेवर दोरी लावल्यासारखे. उंची चुकली की थेट नाकावर नाक.

२९ सप्टेंबर २००६ ला ब्राझीलमध्ये नेमकं हेच झालं. एक बोइंग ७३७ आणि एक छोटं खासगी जेट, दोन्ही ३७ हजार फुटांवर, एकाच मार्गावर, समोरासमोर. जेटच्या पंखाचं टोक ७३७ ला लागलं. ७३७ मधले सगळे १५४ गेले, जेट कसंबसं उतरलं. जेटचा ट्रान्सपॉन्डर, म्हणजे विमानाची ओळख आणि उंची आपोआप कळवणारं यंत्र, बंद पडला होता. तो बंद म्हणजे खालच्या रडारवर उंची नाही आणि दोन्ही विमानांतली टक्करविरोधी यंत्रणाही आंधळी.

उंबरठा, शुक्रवार, ७:५८

मी भीती घालवायला धागा काढला होता हो. 😐

कसाऱ्याचा_घाट, शुक्रवार, ८:०१

परतीचं तिकीट कॅन्सल करा. विदर्भ एक्सप्रेसमध्ये वरचा बर्थ घ्या. उभं अंतर दीड मीटर, पण खात्रीचं.

बिरसी_बॅच, शुक्रवार, ११:२०

मी गोंदियाला बिरसीच्या केंद्रात ट्रेनिंग केलं, आता एका टॉवरला आहे. बीएस्सी फिजिक्स, परीक्षा देऊन लागले. आमच्या गावात अजून सांगतात, "पोरगी विमानाला झेंडा दाखवते."

मला वाटतं इथे सगळे यंत्राबद्दल बोलताय, पण आमचं निम्मं ट्रेनिंग बोलण्याचं होतं. सिम्युलेटरवर पडद्यासमोर एक जण कंट्रोलर, पलीकडच्या खोलीत बाकीचे वैमानिक बनून बसतात आणि मुद्दाम चुकीचं बोलतात. पाच आणि नऊ इंग्रजीत रेडिओवर सारखे ऐकू येतात म्हणून 'फाइफ' आणि 'नाइनर'. 'टेक-ऑफ' हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच काढायचा, एरवी 'डिपार्चर'. १९७७ मध्ये टेनेरिफच्या धुक्यात दोन जम्बो धावपट्टीवर आपटले, ५८३ माणसं गेली, त्यानंतरचा हा धडा.

सगळ्यात डोक्यात बसलेला किस्सा १९८९ चा, क्वालालंपूरजवळचा. मालवाहू जम्बोला कंट्रोलर म्हणाला, 'डिसेंड टू फोर झिरो झिरो.' त्याला म्हणायचं होतं दोन हजार चारशे. वैमानिकाने ऐकलं 'चारशेपर्यंत उतर' आणि परत सांगताना म्हणाला, 'फोर झिरो झिरो'. कोणी दुरुस्त केलं नाही. पुढे टेकडी होती. देवनागरीत लिहून बघा, दोन्ही 'टू' सारखेच दिसतात.

झुंबर, शुक्रवार, ११:३४

अंगावर काटा आला. पॉपकॉर्न बाजूला ठेवले.

तर्कट, शनिवार, सकाळी ९:००

बघा, तुम्ही सगळे माझाच मुद्दा सिद्ध करताय. चूक दर वेळी माणसाची. चरखी दादरीची हवेतली टक्कर आठवा. १२ नोव्हेंबर १९९६, ३४९ माणसं. यंत्राला 'टू' आणि 'टू' मध्ये गोंधळ होत नाही.

निवृत्त_ठिपका, शनिवार, ११:४०

चरखी दादरीचं नाव काढलंत म्हणून सविस्तर लिहितो, कारण आमच्या पिढीचं कामच त्या संध्याकाळने बदललं.

दिल्लीहून सौदीचं ७४७ वर चाललं होतं, त्याला १४ हजारांवर थांबवलेलं. समोरून कझाकस्तानचं इल्युशिन उतरत होतं, त्याला १५ हजार दिलेले. मधले १००० फूट कागदावर चोख. कझाक विमानाला समोरच्याची कल्पनाही दिलेली होती. कझाक विमान १५ वर थांबलं नाही, खाली आलं. न्यायमूर्ती लाहोटींच्या चौकशीत त्या विमानाच्या चमूवर ठपका आला, इंग्रजीचा आणि आपसातल्या समन्वयाचाही प्रश्न निघाला.

पण कंट्रोलरला तेव्हा काय दिसत होतं? जुन्या प्राथमिक रडारचे दोन ठिपके. ठिपक्याला उंची नसते. दोन ठिपके एकमेकांवर आले तर एक वरून गेला असं धरायचं आणि पलीकडे दोन बाहेर पडायची वाट बघायची. त्या दिवशी एकही बाहेर पडला नाही. माझं इथलं नाव त्यावरूनच घेतलंय. त्यात येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांना एकच वाट, कारण बरंचसं आकाश हवाई दलाकडे राखीव. नंतर वाटा वेगळ्या केल्या, उंची दाखवणारं रडार आलं, विमानात टक्करविरोधी यंत्रणा सक्तीची झाली. तर तर्कट, ती चूक एकट्या माणसाची होती असं मी म्हणणार नाही. ज्याला उंची दिसतच नाही त्याच्याकडून उंचीवर नजर ठेवायची अपेक्षा होती.

तर्कट, शनिवार, १२:१०

म्हणजे शेवटी यंत्र आणल्यावरच प्रश्न सुटला ना? मीही तेच म्हणतोय. आणि युबरलिंगन? तिथे तर यंत्राने बरोबर सांगितलं आणि माणसाने चुकीचं.

डावी_सीट, शनिवार, १:३०

यावर मीच लिहितो, कारण तो आवाज मी प्रत्यक्ष ऐकलाय.

नसेल माहीत त्यांच्यासाठी: १ जुलै २००२, जर्मनी-स्वित्झर्लंडच्या सीमेवर रशियन तुपोलेव्ह आणि एक मालवाहू ७५७ एकाच उंचीवर आली. झ्युरिकला रात्री एकटा कंट्रोलर दोन पडदे सांभाळत होता, मुख्य यंत्रणा देखभालीसाठी उतरवलेली, फोन बंद. त्याने तुपोलेव्हला खाली जायला सांगितलं. त्याच वेळी विमानातली यंत्रणा तुपोलेव्हला सांगत होती वर जा, आणि ७५७ ला खाली. तुपोलेव्हने माणसाचं ऐकलं, ७५७ ने यंत्राचं. दोघेही खाली आले. ७१ गेले, त्यात ५२ मुलं. दीड वर्ष आधी, जानेवारी २००१ मध्ये, जपानवर अशीच वेळ आली होती. कंट्रोलर दोन विमानांचे नंबर अदलाबदल करून बोलला, तिथे निभावलं. आता नियम स्वच्छ आहे: यंत्राने सांगितलं की तेच करायचं, कंट्रोलरला फक्त 'टीकॅस आरए', म्हणजे टक्करविरोधी यंत्रणेचा आदेश आलाय, एवढं कळवायचं. तो त्यानंतर आम्हाला काही सांगत नाही.

माझ्या वाट्याला ते एकदाच आलं. 'क्लाइंब, क्लाइंब.' हात आधी हलला, डोकं मागून आलं. पण तर्कट, ही यंत्रणा शेवटच्या अर्ध्या मिनिटाची आहे. ती बोलली याचा अर्थ त्याआधीचं सगळं हुकलेलं आहे. एअरबॅग आहे म्हणून कोणी ड्रायव्हर काढून टाकत नाही.

तर्कट, शनिवार, १:४५

एअरबॅगचा दाखला मान्य. निष्कर्ष अमान्य.

पेशवे_पार्क, शनिवार, ४:२०

पुणेकर म्हणून नोंदवतो: आमच्याकडे विमानतळ हवाई दलाचा, कंट्रोलरही त्यांचेच. सुखोई उडत असतील तर प्रवासी विमानाने दाराशी थांबावं हा साधा शिष्टाचार आहे. दुपारी एक ते चार तेही थांबतात का ते माहीत नाही.

कसाऱ्याचा_घाट, शनिवार, ४:२५

चुकीच्या दारी जाणाऱ्यांचं काय? २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं. जीव कुणाचा गेला नाही, विमान मात्र कायमचं गेलं. वैमानिकाला भेळ खायची असेल.

बिरसी_बॅच, शनिवार, ६:१५

😂 हसून हसून पुरेवाट. आणि आज त्याच मुंबईत बघा. दोन धावपट्ट्या आहेत पण एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरायची. ८ डिसेंबर २०१८ ला २४ तासांत १००७ विमानं हलली, म्हणजे सरासरी दर ८६ सेकंदांना एक. उतरणाऱ्या दोघांच्या मध्ये एक उडवायचं. त्यात मोठ्या विमानामागे हवेचे भोवरे राहतात, म्हणून ७७७ च्या मागे एअरबस ३२० असेल तर ३ नाही, ५ मैल ठेवा. जागा काढायची कुठून? वेग कमी कर, दहा अंश डावीकडे वळ, असं मैल मैल जोडत. आपल्याला वर उगाच घिरट्या घातल्यासारखं वाटतं, पण होल्डिंगची एक फेरी साधारण चार मिनिटांची असते, म्हणजे एक फेरी घातली की मुंबईत पुढे दोन-तीन विमानं गेली.

निवृत्त_ठिपका, शनिवार, रात्री १०:५५

बिरसी, शाब्बास पोरी. तुझ्या रीडबॅकवरून, म्हणजे वैमानिकाने सूचना परत म्हणून दाखवण्यावरून, माझी एक गोष्ट. विमानतळाचं आणि कंपनीचं नाव घालत नाही.

पावसाळ्याची रात्र, अप्रोचला, म्हणजे विमानतळाजवळची विमानं सांभाळायला, मी. एकाच कंपनीची दोन विमानं, नंबरात फक्त शेवटचे दोन आकडे उलटसुलट. एक ९ हजारांवर, दुसरं त्याच्या बरोबर वर १० वर. खालच्याला मी ५ हजार दिले. रीडबॅक आला, नंबर बरोबर, उंची बरोबर. मी पुढच्या विमानाकडे वळलोसुद्धा. मग काहीतरी खटकलं. खालच्या विमानातला माणूस मघाशी मल्याळी हेलात बोलत होता. आत्ताचं उत्तर पंजाबी होतं.

वरचा उत्तर देऊन उतरायला लागला होता. थांबवलं तेव्हा दोनेकशे फूट गमावले होते. नियमाप्रमाणे लिहून दिलं, चौकशी झाली, पुढे त्या दोन नंबरांतला एक बदलला. तर्कट, यंत्राने तो सापळा पकडला असता का? पकडला असता, काही सेकंदांनी. आजची यंत्रणा तर वैमानिकाने कोणती उंची लावली तेही खाली दाखवते, आणि ते मला तेव्हा असतं तर मी पाया पडलो असतो. मी यंत्राच्या विरुद्ध नाही हो. पण त्या रात्री माझ्याकडे होता तो फक्त एक हेल.

तर्कट, शनिवार, ११:२०

... काका, या गोष्टीवर वाद घालत नाही.

तर्री_वेगळी, शनिवार, ११:२२

बाप्पा! तर्कट गप्प झाला. तारीख लिहून ठेवा.

तर्कट, शनिवार, ११:२६

गप्प झालो नाही, झोपायला चाललोय. जाता जाता एकच: नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीत निरोप पाठवणारी यंत्रणा पडली तेव्हा शेकडो विमानं रखडली. हा मुद्दा माझ्या बाजूचा की तुमच्या, हे मलाच कळेना झालंय.

बिरसी_बॅच, रविवार, सकाळी ७:०५

दोन्ही बाजूंचा! यंत्रणा पडली तर उड्डाणांच्या योजना हाताने भरल्या, म्हणून उशीर झाला. अंतर मात्र कमी केलं नाही. आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात, गर्दी झाली तर वेळ वाढवा, मैल कमी करू नका.

उंबरठा, रविवार, रात्री ८:४०

मंडळी, सुखरूप परतलो. या वेळीही खिडकी. पश्चिमेकडे, म्हणजे सम मजला. समोरून एक आलं. मी हात ताठ करून दोन बोटं धरली, काका, बरोब्बर तेवढंच! शेजारच्या बाईंना वाटलं मी कुणाला आशीर्वाद देतोय. मुंबईजवळ तीन फेऱ्या मारल्या. मी बायकोला मेसेज टाकला, "बारा मिनिटं उशीर." उतरल्यावर कळलं, तेरा.

घरी सगळा धागा तिला वाचून दाखवला. ती हेलाच्या गोष्टीपाशी थांबली. मग म्हणाली, "ठीक आहे, माणसं बसवू देत." तिचा आता वेगळाच प्रश्न आहे. काका निवृत्त झाल्यावर घरीही सगळं असंच परत म्हणून दाखवतात का?

निवृत्त_ठिपका, रविवार, ९:१५

वहिनींना सांगा, हो. सौ. म्हणते, "दूध अर्धा लिटर, कोथिंबीर एक जुडी." मी दारातून म्हणतो, "दूध अर्धा लिटर, कोथिंबीर एक जुडी." चाळीस वर्षांत ती एकदाही त्यावर 'करेक्ट' म्हणालेली नाही.

डावी_सीट, रविवार, ९:१९

आणि आणता काय?

निवृत्त_ठिपका, रविवार, ९:२४

पुदिना.